प्रिंटरच्या पोर्टवर दुर्बीण

माझ्या नवऱ्याचे हात भाजले त्या दिवशी मी पेणच्या दुकानात एका पतपेढीचा प्रिंटर उघडून बसले होते. कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं हे दुकान माझं नाही, मी तिथे नोकरी करते. आयटीआय झाल्यापासून तिथेच आहे. दुपारी फोन आला. नवऱ्याबरोबर काम करणारा एक जण म्हणाला, हाताला थोडं लागलंय, घाबरू नका, ॲम्ब्युलन्स रोह्यातून निघाली आहे, तुम्ही हायवेला येऊन थांबा.

त्या ‘थोडं’चा राग मला अजून आहे. मी हायवेला येऊन उभी राहिले. ॲम्ब्युलन्स वडखळच्या कोंडीत पाऊण तास अडकली होती. ती आल्यावर मी मागचं दार उघडलं तेव्हा ते पाठीवर पडलेले होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या कापडात गुंडाळलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, “डोळे वाचले.” तिथून ॲम्ब्युलन्स नवी मुंबईच्या हॉस्पिटलला गेली.

ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. कॉस्टिक सोड्याच्या लाइनवर काम. पाइपचा जोड घट्ट ठेवणारी चकती, गॅस्केट, फुटलं आणि गरम कॉस्टिक हातांवर आलं. त्या लाइनवर कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे लागतात. त्यांचे फाटले होते. स्टोअरमध्ये त्यांनी तीन वेळा नवे मागितले, तिन्ही वेळा उत्तर एकच, माल यायचा आहे. हे मला अपघातानंतर कळलेलं नाही. प्रत्येक वेळी घरी येऊन जेवताना त्यांनी सांगितलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं होतं, मग तिकडे जाऊच नका. जणू ते माझ्या म्हणण्यावर होतं.

चौथ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले. वर आले तर कंपनीचा एक अधिकारी फाइल मिटत होता. पातळ आवाजाचा, सभ्य माणूस. मला नमस्कार करून, काळजी घ्या म्हणून गेला. मी चादर सारखी करायला गेले तर नवऱ्याच्या डाव्या पायाचा अंगठा निळा. हातांना बँडेज म्हणून त्याने पायाचा ठसा घेतला होता. कशावर घेतला म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, रिपोर्ट होता, नेहमीचा असतो. मी ओल्या कापसाने तो अंगठा पुसत राहिले. शाई जाईना. त्या खोलीत आणखी तीन पेशंट होते आणि त्यांचे नातेवाईक होते, नाहीतर मी त्या माणसाच्या मागे जिन्यावरून धावत गेले असते.

रिपोर्टात काय होतं ते पुढे त्यांच्याच एका सहकाऱ्याने सांगितलं. कामगाराने सुरक्षा साधने वापरली नाहीत. एवढं एकच वाक्य. फाटके हातमोजे नाहीत, स्टोअर नाही, तीन वेळची मागणी नाही.

साडेतीन महिन्यांनी ते घरी आले. मांडीची कातडी हातांवर लावलेली. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली, डाव्याची सगळी सरळ पण वाकत नाहीत. घास तळहातांच्या मध्ये धरून तोंडापर्यंत नेता येत होता. बटण लावता येत नव्हतं, नळ सोडता येत नव्हता. कंपनीने त्यांना गेटवर नोंदी बघायच्या कामावर घेतलं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगू लागला की कंपनी चांगली आहे हो, नाहीतर आजकाल कोण ठेवतं. मी सगळ्यांना चहा केला. त्याऐवजी बोलायला हवं होतं.

आमच्या गच्चीवर एक दुर्बीण आहे. त्यांनीच केलेली. आरसा आणि भिंगं विकत आणली होती, नळी म्हणजे प्लास्टिकचा मोठा पाइप, आणि खालचा लोखंडी सांगाडा रोह्याच्या एका लेथवाल्याकडून दर सुट्टीला थोडा थोडा करून घेतलेला. सांगाड्याचा एक दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे, त्या दांड्याभोवती नळी हळूहळू फिरवत राहिलं की पृथ्वी फिरत असली तरी समोरचा तारा भिंगातून निसटत नाही. फिरवायला दोन पितळी घुंड्या, सुपारीएवढ्या. त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून, केसभर केसभर फिरवायच्या. माझ्या नवऱ्याचं शिक्षण बारावी. पण संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन वर जायचे, आणि मी भाजी चिरत असले तरी हाक मारायचे, ये, शनी आलाय. जणू शनी पाहुणा आहे.

घरी आल्यावर आठवड्याभरात ते गच्चीवर गेले. मी मागून गेले पण जिन्याच्या दारातच थांबले. चंद्र होता. त्यांनी खांद्याने ढकलून नळी चंद्राकडे वळवली, डोळा लावला, आणि डाव्या हाताने घुंडी फिरवायला गेले. हात घुंडीवरून घसरला. मग दोन्ही मनगटांत धरून बघितली. नळी हलली, चंद्र गेला. पुन्हा ढकलली. असं पाच-सहा वेळा झालं. मग त्यांनी सांगाड्याला लाथ मारली. मी खाली पळाले. मी ते बघितलं हे त्यांना कळू नये असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीवर ताडपत्री बांधलेली होती. गाठ त्यांनी दातांनी मारली असणार.

मी ठरवलं काही नाही. दुकानात एका बाजूला मेलेले प्रिंटर रचून ठेवलेले असतात, ते सुई मारत छापणारे, कर्कश आवाजाचे. त्यांच्यात दोन मोटरी असतात. एक कागद सरकवते, एक छापणारं डोकं डावी-उजवीकडे नेते. या मोटरी पंख्यासारख्या गरगर फिरत नाहीत. त्यांच्यात चार गुंडाळ्या असतात, एकेकीला क्रमाने वीज दिली की मोटर एक एक पाऊल पुढे टाकते. क्रम उलटा केला की मागे. आणि जुन्या कॉम्प्युटरला मागे प्रिंटरसाठी पंचवीस भोकांचं पोर्ट असतं. त्यातल्या आठ तारांवर कॉम्प्युटर अक्षरं पाठवतो. प्रत्येक तार एकतर चालू नाहीतर बंद. मी वीस वर्षं ते पोर्ट तपासत आले होते. दोन मोटरी, प्रत्येकीच्या चार गुंडाळ्या, आणि तारा आठ. एक दिवस डबा खाताना ते माझ्या डोक्यात आलं आणि मला डबा पुढे खाता येईना.

मालकाला सांगितलं. ते म्हणाले, पोर्ट असलेलं मशीन हवं तर कोपऱ्यातलं ने, ते कोणी घेणार नाही. आताच्या कॉम्प्युटरांना हे पोर्ट नसतंच. असलं तरी नवी विंडोज तुम्हाला सरळ पोर्टाला हात लावू देत नाही. त्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये विंडोजच्या आधीचं डॉस होतं. डॉस कोणाला अडवत नाही. त्यातल्या बेसिक भाषेत एक ओळ लिहायची, पोर्टचा पत्ता ८८८, त्यावर अमुक आकडा पाठव. एक, दोन, चार, आठ पाठवला की पहिली मोटर चालते. सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस पाठवला की दुसरी. पोर्टमधून येणारी वीज मोटर हलवायला पुरत नाही, म्हणून मध्ये करंट वाढवणारी एक चिप लागते. ती दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती.

पहिल्यांदा चालवली तेव्हा मोटर जागच्या जागी थरथरत राहिली. गुंडाळ्यांचा क्रम चुकला होता. चार तारा चोवीस प्रकारे लावता येतात, मी सातव्या प्रकाराला सुटले. घुंड्या काढून त्यांच्या दांड्यांना मोटरी जोडल्या, जोडायला पेट्रोलच्या पाइपचे तुकडे आणि क्लिपा. कीबोर्डचा विचार मी सर्वांत जास्त केला. त्यांच्या हाताची कड एका वेळी तीन कळांवर पडली असती. म्हणून चार बाणांच्या कळा आणि मोटरी चालू-बंद करायला लांब स्पेसबार ठेवून बाकी सगळ्या कळा स्क्रूड्रायव्हरने उपटून काढल्या. ते करताना मला फार बरं वाटत होतं. प्रत्येक कळ टक् करून उडायची आणि मी त्या पातळ आवाजाच्या माणसाचा विचार करायचे.

हे सगळं मी त्यांना न सांगता केलं. ते गेटवर ड्यूटीला असताना मोटरी बसवल्या, आणि संध्याकाळी त्यांना वर घेऊन गेले. त्यांनी ताडपत्री नसलेली दुर्बीण बघितली, टेबलावरचा कॉम्प्युटर बघितला, तो दात पडलेल्या तोंडासारखा कीबोर्ड बघितला.

“हे तुला मी सांगितलं होतं?”

मी म्हटलं, नाही.

“माझे हात गेलेत, ते मला म्हायत हाय. ते गच्चीवर मांडून दाखवायची गरज नाय.”

आणि खाली गेले. मी संतापाने कॉम्प्युटर बंदही केला नाही. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, निदान माझ्या कष्टांची थोडी बूज राहील. आता लिहिताना कळतं की मी ते त्यांच्यासाठी केलं होतं आणि माझ्यासाठीही केलं होतं, आणि दुसरा भाग त्यांनी लगेच ओळखला. त्या वेळी मात्र मी दहा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग माझी सासू आली. ती खाडीकाठच्या गावात राहते, आयुष्य मिठागरात गेलं, आमच्या घरी दोन दिवसांच्या वर थांबत नाही. तिने गच्चीवर कपडे वाळत घालताना ते सगळं बघितलं आणि मला विचारलं. मी रागारागाने सांगितलं. ती म्हणाली, मग मला दाखव. संध्याकाळी तिला स्टुलावर बसवलं, चंद्र लावून दिला, आणि बाणाची कळ दाबायला शिकवली. ती बराच वेळ डोळा लावून बसली. मोटरी क्रर्र क्रर्र करत होत्या. मग म्हणाली, “चांद मागं रातोय गो. तुझी मशीन फुढं पलते.”

मी म्हटलं, तसं होणार नाही, मी हिशेब करून वेग दिलाय. ती म्हणाली, मला डोलं हायेत. आम्ही दोघी वाद घालत होतो तेव्हा ते जिन्यात येऊन उभे होते. किती वेळ होते माहीत नाही.

“आई बरोबर सांगते,” ते म्हणाले. “तू ताऱ्याचा वेग दिलास. चंद्र ताऱ्यापेक्षा हळू जातो. दोन पावलांमधला थांबा वाढव.”

मला ते माहीतच नव्हतं. उपटलेल्या कळांच्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून मी स्क्रीनवर तो आकडा वाढवला. ते आईला उठवून स्टुलावर बसले, डोळा लावला, हाताची कड स्पेसबारवर ठेवली. “आणखी थोडा.” मी आणखी वाढवला. “आणखी नको. मागचा बरा होता.” असं तासभर चाललं. सासू पायरीवर बसून राहिली. त्यांनी मला चांगलं केलंस असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उलट्या दिशेला मोटर सुरू होताना चार-पाच पावलं वाया जातात, दांड्याच्या आट्यात ढिलाई आहे, ती प्रोग्राममध्ये भरून काढता येईल का बघ. मी बघितलं. येत होती.

इथे हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या एका सहकाऱ्याने येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो कंपनीच्या ग्रुपवर गेला, आणि एका रविवारी तोच पातळ आवाजाचा अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन आमच्या दारात. कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. तिथे ही दुर्बीण मांडावी अशी साहेबांची इच्छा. दिवसाही काही दाखवता येईल का? नवरा म्हणाला, सूर्य दाखवता येतो, पांढऱ्या कागदावर पाडून. मी स्वयंपाकघरात होते. ते हो म्हणाले हे मी तिथून ऐकलं.

तो गेल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, त्या माणसाने तुमच्या पायाला शाई लावली. ते म्हणाले, मला रोज त्याच गेटातून आत जायचं असतं, तुला नाही.

टेम्पोत कॉम्प्युटर, मॉनिटर, दुर्बीण सगळं गोधड्यांत गुंडाळून आम्ही सकाळी निघालो. गडब, नागोठणे, निडी, रोहा. कंपनीच्या पटांगणात मांडव होता. मी तारा जोडल्या, ते स्टुलावर बसले, आणि नऊच्या सुमाराला कागदावर सूर्याचा ताटलीएवढा गोल पडला. त्यावर दोन काळे डाग होते. मोटरी चालत होत्या, गोल कागदाच्या मधोमध थांबला होता. कामगार रांगेने बघून जात होते. काही जण त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात माझा राग उतरला होता.

मग दोन माणसांनी एक फलक आणून आमच्या टेबलामागे लावला. मी वळून वाचला. वरच्या भागात नवऱ्याच्या भाजलेल्या हातांचा फोटो, हॉस्पिटलमधला. खाली, ‘हातमोजे घातले नाहीत. एका क्षणाचा निष्काळजीपणा.’ त्याच्या खाली आमच्या गच्चीवरचा फोटो आणि ‘पण जिद्द सोडली नाही.’

मी नवऱ्याकडे बघितलं. ते कागदावरच्या सूर्याकडे बघत होते. फलक त्यांच्या पाठीमागे होता, पण तो लावला जात असताना त्यांनी वाचला होता. ते मला त्यांच्या मानेवरून कळलं.

तेवढ्यात मोठे साहेब आले, सोबत तो अधिकारी. साहेबांनी सूर्य बघितला, छान म्हणाले, हे कोणी बनवलं विचारलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे हात केला. मी म्हटलं, “हा बोर्ड काढा.”

साहेबांना कळलं नाही. मी परत म्हटलं. अधिकारी पुढे येऊन हळू आवाजात म्हणाला, ताई, आज नको, आपण नंतर बसून बोलू.

“हातमोजे स्टोअरमध्ये नव्हते. यांनी तीन वेळा मागितले. तुमच्या स्टोअरच्या वहीत असेल, बघा. नाहीतर इथे उभे आहेत त्यांना विचारा.”

रांगेत तीस-चाळीस जण होते. त्यांतल्या निम्म्यांना ते माहीत होतं. कोणी बोललं नाही. एक जण बुटाकडे बघत होता, तोच, ज्याने मला फोन करून थोडं लागलंय म्हटलं होतं. मला अधिकाऱ्यापेक्षाही त्या क्षणी या सगळ्यांचा राग आला, आणि त्यांना मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, जरी त्यांना घरं आहेत, मुलं आहेत, हे मला कळतं.

मी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून पोर्टमधली केबल ओढून काढली. मोटरी थांबल्या. मी सामान आवरायला लागले. सूर्याचा गोल कागदावरून सरकत सरकत कडेला गेला, आणि कोणी हललं नाही. साहेब मोबाइल कानाला लावून निघून गेले.

परतीच्या टेम्पोत आम्ही मागे सामानाजवळ बसलो होतो. निडीला ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “तुला वाटतं, मला फसवून ठसा घेतला.”

मी म्हटलं, मग काय?

“मी वाचला होता तो कागद. त्याने समोर धरला होता, मी सगळा वाचला. त्याने सांगितलं, सही झाली तर नोकरी राहील. मीच पाय पुढे केला.”

इतके महिने मी ज्या माणसाला मनात जिन्यावरून ढकलत होते, त्याने फक्त विचारलं होतं. आणि माझ्या नवऱ्याने, बँडेजमध्ये पडून, त्याच वेळी घराचा विचार केला होता, आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मी ओरडले असते. मी टेम्पोत ओरडलेही. त्यांच्यावर, की मला का नाही विचारलं. ते म्हणाले, तू मोटरी लावताना मला विचारलंस? त्याचाही मला राग आला. गडबला टेम्पोवाल्याने चहासाठी गाडी थांबवली. मी त्यांचा कप त्यांच्या तळहातांच्या मध्ये धरून दिला. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

नोकरी गेली नाही. त्यांना मुख्य गेटवरून मागच्या, ट्रक येतात त्या गेटवर पाठवलं. फलक त्याच दुपारी निघाला. का, ते कोणी सांगितलं नाही. आणि आठवड्याभरात स्टोअरमध्ये कोपरापर्यंतचे हातमोजे आले, दोन खोकी भरून. ही बातमी सांगायला बुटाकडे बघणारा तो सहकारी घरी आला होता. त्याला वाटलं, मी खूश होईन. आठवड्यात येऊ शकत होते, तर मग त्या आधी का नाही आले, एवढंच मी त्याला विचारलं. तो चहा न घेता गेला.

रिपोर्ट बदलावा म्हणून मी कंपनीला दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर नाही. तिसरा अर्ज गेल्या महिन्यात केला. मी टाइप करत होते, त्याच जुन्या मशीनवर नाही, दुकानातून आणलेल्या दुसऱ्यावर. ते मागे उभे राहून वाचत होते. आतापर्यंतच्या अर्जांत त्यांनी लक्ष घातलं नव्हतं. मी लिहिलं होतं, हातमोज्यांची मागणी अनेकदा केली होती.

“अनेकदा नाय. तीनदा. दोनदा सोमवारी, एकदा बुधवारी. पहिल्या वेळी स्टोअरला कोण होतं ते पण लिही.”

मी लिहिलं. ते पुढे वाचत गेले. शेवटी मी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. ते त्या ओळीपाशी थांबले. त्यांच्या कपाळावरची फुगलेली शीर मला स्क्रीनच्या काचेत दिसत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, ती शीर मी फार थोड्या वेळा बघितली आहे.

“कृपया काढ,” ते म्हणाले. “आणि सहानुभूती पण काढ.”